साडेसातशे विरुद्ध हजार

वर्ल्ड सुपरबाइक ही जागतिक स्पर्धा १९८८ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या नियमावलीत एक ओळ होती. चार सिलिंडरच्या गाडीला ७५० सीसीपर्यंत मुभा, तीन सिलिंडरच्या गाडीला ९००, आणि दोन सिलिंडरच्या गाडीला १०००. शिवाय दोनवाल्यांना वजनातही सूट होती. चार सिलिंडरची गाडी १६५ किलोच्या खाली चालणार नव्हती. दोनची १४० पर्यंत उतरली तरी कुणी हरकत घेणार नव्हतं. हे सगळे आकडे गोल होते, आणि गोल आकडे सहसा प्रयोगशाळेतून येत नाहीत. पण पुढची पंधरा वर्षं कुठल्या कारखान्यानं कोणतं इंजिन बांधायचं, जगज्जेता कोण व्हायचं आणि शोरूमच्या काचेमागे कोणती गाडी उभी राहायची, यातलं बरंच काही या एका ओळीनं ठरवलं.

दोन सिलिंडर चांगले की चार, हा मोटरसायकलवाल्यांच्या कट्ट्यावरचा न संपणारा वाद. दोन्ही बाजूंचे लोक त्यात धर्मयुद्धाच्या आवेशानं उतरतात. मला मात्र त्या काळाकडे पाहताना वाटतं, की हा वाद इंजिनांनी कधी सोडवलाच नाही. तो दर वेळी नियमावलीनं सोडवला, आणि दर वेळी वेगळा.

ही सवलत मुळात दिली कशासाठी, हे आधी पाहू. इंजिनाची ताकद म्हणजे एका फेऱ्यात किती जोर लागतो गुणिले मिनिटाला किती फेरे होतात. एकाच आकारमानाचं इंजिन चार सिलिंडरांत वाटलं की पिस्टन लहान होतात, त्यांची खाली-वर जाण्याची चाल आखूड होते, आणि इंजिन जास्त फिरवता येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हवा आत घेण्याची जागा वाढते. दोन मोठ्या हंड्यांत जेवढं पाणी मावतं तेवढं चार कळशांतही मावेल, पण चार कळशांची तोंडं मिळून जास्त रुंद. १९८८ ची होंडा आरसी-३० घ्या. ७४८ सीसी, सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची चाल ४८.६. तिच्या समोरची डुकाटी ८५१ : व्यास ९२, चाल ६४. गणित केलं तर होंडाच्या चार पिस्टनचं मिळून क्षेत्रफळ सुमारे १५४ चौरस सेंटिमीटर भरतं, डुकाटीच्या दोघांचं १३३. म्हणजे शंभर सीसी जास्त असूनही डुकाटीला श्वास घ्यायला जागा कमीच होती. तेव्हा हजार सीसीची सवलत ही काही कुणावर उधळलेली खैरात नव्हती. इटलीतल्या एका कारखान्यानं तिचं काय करून ठेवलं, ती पुढची गोष्ट.

तो कारखाना बोलोन्या शहराच्या बोर्गो पानिगाले या उपनगरातला. फाबिओ ताल्योनी या अभियंत्यानं तिथे पन्नासच्या दशकापासून एक हट्ट जोपासला होता. इतरांच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडतो कॅम आणि मिटवते स्प्रिंग. ताल्योनींच्या डेस्मोड्रोमिक रचनेत उघडणं आणि मिटवणं दोन्ही कॅमच करतो, त्यामुळे जास्त फेऱ्यांना स्प्रिंग मागे पडण्याची भीती राहत नाही. १९६९ साली होंडानं सीबी-७५० आणली. एका ओळीत चार सिलिंडर, बटण दाबलं की सुरू, तेल न गळणारी, सामान्य माणसाच्या आवाक्यातली. मोठी मोटरसायकल म्हणजे चार सिलिंडर हे समीकरण तिनं जगभर रूढ केलं. ताल्योनींनी त्याच सुमारास दोन सिलिंडर ९० अंशांत मांडले, एक जवळजवळ आडवा आणि एक उभा. १९७२ च्या एप्रिलमध्ये इमोलाला २०० मैलांची शर्यत झाली. एमव्ही अगुस्ताच्या चार सिलिंडर गाडीवर जाकोमो अगोस्तिनी होता, म्हणजे त्या काळी विजेता आधीच ठरल्यासारखाच. जिंकला डुकाटीवर पॉल स्मार्ट, दुसरा आला डुकाटीवरच ब्रुनो स्पाजियारी. १९७८ साली आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ३८ वर्षांचा रेसर माइक हेलवूड अकरा वर्षांनी परतला आणि त्यानं डुकाटीच्या ट्विनवर, म्हणजे दोन सिलिंडरच्या गाडीवर, फिल रीडच्या होंडा फोरला, म्हणजे चार सिलिंडरवालीला, मागे टाकलं. पण हे दोन विजय म्हणजे डुकाटीच्या दारिद्र्यातले दोन सणाचे दिवस होते. सरकारी मालकीत कारखाना खंगत गेला आणि १९८५ मध्ये तो काजिवा कंपनीच्या कास्तिल्योनी बंधूंनी विकत घेतला.

कास्तिल्योनींनी मास्सिमो बोर्डी या तरुण अभियंत्याला मोकळं सोडलं. बोर्डीचा विद्यापीठातला प्रबंधच मुळी डेस्मो रचनेच्या चार-व्हॉल्व्ह इंजिनावर होता. कॉसवर्थच्या फॉर्म्युला वन इंजिनांचा त्याच्यावर प्रभाव. जानलुइजी मेंगोली या सहकाऱ्याच्या मदतीनं त्यानं ताल्योनींचे दोन सिलिंडर आणि डेस्मो तेवढे ठेवले. बाकी पाण्यानं थंड होणारं इंजिन, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि संगणकानं चालणारं फ्युएल इंजेक्शन, हे सारं नवं. १९८६ मध्ये हे इंजिन फ्रान्समधल्या बोल दोर या चोवीस तासांच्या शर्यतीत पहिल्यांदा धावलं आणि मध्येच बंद पडलं. तेव्हा ते ७४८ सीसीचं होतं. दोन वर्षांनी नियमावलीतली ती ओळ आली आणि इंजिनाला फुगायला जागा मिळाली.

पहिली फेरी ३ एप्रिल १९८८ रोजी इंग्लंडमध्ये डॉनिंग्टन पार्कला. प्रत्येक फेरीत दोन शर्यती अशी पद्धत. पहिली शर्यत दाविदे तार्दोझीनं बिमोटावर जिंकली. त्या गाडीत यामाहाचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. दुसरी मार्को लुकिनेल्लीनं डुकाटी ८५१ वर जिंकली, आणि दोन्ही मिळून फेरीही त्यालाच मिळाली. स्पर्धेच्या पहिल्याच दुपारी दोन आणि चार यांनी एकेक शर्यत वाटून घेतली होती. (हाच तार्दोझी पुढे डुकाटीच्या संघाचा व्यवस्थापक झाला.) पण पहिली दोन वर्षं अजिंक्यपद फ्रेड मर्केलनं होंडा आरसी-३० वर जिंकलं. आरसी-३० ही व्ही आकारात मांडलेल्या चार सिलिंडरची, दात्यांच्या चक्रांवर कॅम फिरवणारी, महागडी आणि देखणी गाडी. रेसिंगसाठी बनवलेल्या यंत्राला दिवे आणि आरसे लावून दुकानात ठेवावं, तशी ती दिसायची आणि होतीही तशीच.

मग पारडं फिरलं. १९९० मध्ये रेमंड रोश डुकाटीवर जगज्जेता झाला. १९९१ मध्ये डग पोलन या अमेरिकी रेसरनं २६ पैकी १७ शर्यती जिंकल्या, १९९२ लाही तोच जिंकला. इंजिन ८५१ चं ८८८ झालं होतं आणि हजाराच्या मर्यादेत अजून जागा शिल्लक होती. चार सिलिंडरवाले ७५० च्या भिंतीला पाठ टेकून उभे. त्यांच्या वाढीची एकच वाट उरली होती, ती म्हणजे आणखी फेरे, आणि प्रत्येक हजार फेऱ्यांमागे खर्च वाढत होता. १९९३ मध्ये मात्र एक मजा झाली. डुकाटीवर कार्ल फोगार्टीनं ११ शर्यती जिंकल्या, कावासाकीच्या ७५० फोरवर स्कॉट रसेलनं अवघ्या पाच. अजिंक्यपद रसेलला. तो जिंकत नसे तेव्हा दुसरा येई. फोगार्टी जिंकत नसे तेव्हा बऱ्याचदा पडलेला असे.

त्याच वर्षी मिलानच्या प्रदर्शनात मास्सिमो तांबुरिनीनं सान मारिनोच्या कार्यशाळेत घडवलेली डुकाटी ९१६ लोकांपुढे आली. सीटखालून निघणारे दोन सायलेन्सर, एकाच बाजूनं धरलेलं मागचं चाक, आणि दोन सिलिंडरमुळे कंबरेला एवढी बारीक की शेजारची जपानी गाडी अंगानं भरल्यासारखी दिसावी. ९१६ च्या सौंदर्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. शर्यतीच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की बारीक गाडी हवा कमी कापते, जास्त कलते आणि दिशा पटकन बदलते. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नचा फोगार्टी तिच्यावर १९९४ आणि १९९५ मध्ये जगज्जेता झाला. ब्रँड्स हॅचच्या मैदानावर त्याला पाहायला लोटणारी गर्दी इंग्रजांच्या मोटरसायकल शर्यतींना फार वर्षांत दिसली नव्हती.

चारवाल्यांनी तक्रारी केल्या आणि नियम हलले. दोन सिलिंडरची वजनातली सूट टप्प्याटप्प्यानं कापली गेली आणि नव्वदीच्या मध्यापर्यंत संपली. सीसीची सूट राहिली. होंडानं आरसी-३० च्या जागी फ्युएल इंजेक्शनची आरसी-४५ आणली.

खरी तुलना करायची तर १९९६ आणि १९९७ ही दोन वर्षं बघावीत, कारण त्यात माणसांनी घोडे बदलले. १९९६ मध्ये फोगार्टी डुकाटी सोडून होंडावर गेला. चार शर्यती जिंकला, पण वर्षाअखेर चौथा. त्या वर्षी डुकाटीवर ट्रॉय कॉर्सर जगज्जेता, जॉन कोसिन्स्की तिसरा. पुढच्या वर्षी फोगार्टी पुन्हा डुकाटीवर आला, आणि कोसिन्स्की डुकाटी सोडून फोगार्टीनं टाकलेल्या त्याच होंडावर बसला. जगज्जेता कोसिन्स्की, फोगार्टी दुसरा. म्हणजे एकाला जी गाडी जड गेली तिच्यावरच दुसरा जिंकला. ट्विनला नियमांनी पळवलं म्हणणाऱ्यांना आणि ट्विन मुळातच श्रेष्ठ म्हणणाऱ्यांना, दोघांनाही या दोन वर्षांचं उत्तर देता येत नाही. १९९८ मध्ये तर फोगार्टीनं होंडाच्या ॲरन स्लाइटला अवघ्या साडेचार गुणांनी हरवलं.

कोसिन्स्की गाडी वळणात वेगानं, गोल रेषेत नेणारा. चार सिलिंडरला हेच मानवतं. इंजिन वरच्या फेऱ्यांत असलं तरच ताकद मिळते, म्हणून वळणातला वेग खाली पडू द्यायचा नाही. ट्विनवाला उशिरा ब्रेक लावतो, गाडी जवळजवळ थांबवून वळवतो, सरळ उभी करतो आणि ॲक्सिलरेटर पिळतो. खालच्या फेऱ्यांतही ओढ असल्यामुळे त्याचं चालून जातं. वळणातून बाहेर पडताना मागच्या टायरची पकड कुठवर आहे ते ट्विनवर कळतं, असं रेसर सांगत. बराच काळ त्याचं कारण म्हणून स्फोटांच्या अंतराकडे बोट दाखवलं जाई : ९० अंशांच्या ट्विनमध्ये स्फोट २७० आणि ४५० अंशांच्या अंतरानं होतात, म्हणजे मधल्या वेळात टायरला उसंत मिळते. दुसरं, मला जास्त पटणारं कारण पिस्टनच्या जडत्वाचं आहे. नेहमीच्या चार सिलिंडर इंजिनात चारही पिस्टन एकाच क्षणी टोकाला जाऊन थबकतात आणि एकाच क्षणी सुसाट सुटतात, त्यामुळे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात ती क्रँकशाफ्ट प्रत्येक फेऱ्यात अडखळते आणि धावते. हा गोंधळ वरच्या फेऱ्यांत इतका वाढतो की मनगटानं मागितलेला जोर त्यात हरवतो. ९० अंशांच्या ट्विनमध्ये एक पिस्टन थबकतो तेव्हा दुसरा ऐन वेगात असतो, आणि क्रँकशाफ्टची चाल सारखी राहते. आज बारामतीत पियाजिओच्या कारखान्यात बनणाऱ्या एप्रिलिया आरएस-४५७ मध्ये दोन सिलिंडर शेजारी-शेजारी असले तरी क्रँक २७० अंशांची ठेवलेली आहे, ती हीच लय मिळवायला.

रस्त्यावरचा हिशोब वेगळा होता. नव्वदीच्या दशकात ट्विन घेणाऱ्याला कमी फेऱ्यांवरचा पिकअप मिळे, गिअर कमी बदलावे लागत, घाटात गाडी एका गिअरमध्ये गुरगुरत चढे. त्या बदल्यात कोरड्या क्लचचा खडखडाट, ट्रॅफिकमध्ये मांड्यांना भाजणारी उष्णता, ठराविक काळानं बदलायचे टायमिंग बेल्ट आणि डेस्मो व्हॉल्व्हच्या सेटिंगचं मेकॅनिककडचं बिल. जपानी फोर सकाळी बटणावर सुरू होई, वर्षभर तक्रार करत नसे, कमी पैशांत जास्त वेग देई. तिचा दोष इतकाच की तिची खरी ताकद दहा हजार फेऱ्यांच्या वर, आणि तिथे पोचेपर्यंत बहुतेक देशांतली वेगमर्यादा केव्हाच मागे पडलेली असे.

पण रस्त्यावरची फोर तोवर साडेसातशेची राहिलीच नव्हती. ही या काळातली सगळ्यात विचित्र गोष्ट. १९९२ मध्ये होंडाच्या तादाओ बाबा यांनी फायरब्लेड आणली, ८९३ सीसीची आणि वजनाला साडेसातशेइतकी. १९९८ मध्ये यामाहाची आर-वन, ९९८ सीसी, १५० अश्वशक्ती. लोकांनी या गाड्यांवर उड्या मारल्या. सुपरबाइक शर्यतीत मात्र यांना प्रवेश नव्हता, कारण नियम ७५० वर अडकलेला. दुकानातल्या गाड्यांची म्हणून मिरवणाऱ्या स्पर्धेत दुकानातली सर्वांत लोकप्रिय गाडी धावूच शकत नव्हती. जपानी कारखाने दोन वेगळे संसार चालवत होते : विकायला हजाराची फोर, शर्यतीला साडेसातशेची.

यातून सुटायची वाट एकच होती. सुझुकीनं टीएल-१००० आर काढली, ती दोन सिलिंडरची. एप्रिलियानं आरएसव्ही मिले काढली, तीही दोन सिलिंडरची. शेवटी होंडा. नियमांशी झुंजायची होंडाला जुनीच खोड. १९७९ साली ग्रां प्रीत चारच सिलिंडरची परवानगी म्हणून तिनं लांबट पिस्टनचं, एकेका सिलिंडरला आठ व्हॉल्व्ह असलेलं इंजिन बांधलं होतं, म्हणजे चार सिलिंडरांत आठांचा श्वास कोंबायचा आटापिटा. तो फसला. या वेळी होंडानं नियमाशी भांडण केलं नाही, तो मुकाट्यानं मान्य केला. २००० साली व्हीटीआर-१००० एसपी-१ आली : ९० अंशांचे दोन सिलिंडर, व्यास १०० मिलिमीटर, चाल ६३.६, एकूण ९९९ सीसी. मर्यादेच्या अगदी काठापर्यंत भरलेली. ज्या कंपनीनं जगाला चार सिलिंडरची सवय लावली, तिनंच जिंकण्यासाठी दोन सिलिंडर घेतले. टेक्सासचा कॉलिन एडवर्ड्स पहिल्याच वर्षी तिच्यावर जगज्जेता झाला. डुकाटीचं नशीबही त्या वर्षी फिरलेलं. फिलिप आयलंडला फोगार्टी पडला, दंडाचा चुराडा झाला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. त्याच्या जागी ट्रॉय बेलिस आला. ऑस्ट्रेलियातला, एके काळी गाड्यांना स्प्रेनं रंग मारणारा, रेसिंगमध्ये उशिरा शिरलेला. २००१ मध्ये त्यानं अजिंक्यपद डुकाटीकडे परत आणलं.

२००२ चं वर्ष ट्विनच्या साम्राज्याचा कळस होता आणि शेवटही. बेलिसनं पहिल्या सहा शर्यती ओळीनं जिंकल्या. वर्षाच्या मध्यावर एडवर्ड्स ५० हून अधिक गुणांनी मागे होता आणि हिशोब संपल्यासारखा होता. मग लागुना सेकाच्या दुसऱ्या शर्यतीपासून एडवर्ड्स जिंकू लागला. ब्रँड्स हॅचला दोन्ही, ओशर्सलेबेनला दोन्ही, आसेनला दोन्ही. बेलिस दुसरा-तिसरा येत होता, तोही फार चुकत नव्हता; पण दर वेळी निदान पाच गुण झिरपत होते. आसेनला तो पडला, आणि शेवटच्या फेरीसाठी सगळे इमोलाला पोचले तेव्हा एडवर्ड्स एका गुणानं पुढे होता.

२९ सप्टेंबर २००२. इमोला म्हणजे बोलोन्याच्या शेजारचं गाव, डुकाटीचं अंगण. तीस वर्षांपूर्वी पॉल स्मार्ट इथेच जिंकलेला. पहिली शर्यत एडवर्ड्सनं घेतली, बेलिस दुसरा. दुसऱ्या शर्यतीत दोघं एकमेकांना इतक्या वेळा ओलांडत राहिले की पुढे कोण हे पाहण्यात प्रेक्षकांची मान दुखावी. एक घुसे, दुसरा वळणाच्या बाहेर पडताना परत घेई. दोघांखाली ९० अंशांचे दोन सिलिंडर, दोघांची ताकद जवळपास सारखी, म्हणून फरक फक्त माणसांत. पुन्हा एडवर्ड्स पहिला, बेलिस दुसरा. शेवटच्या नऊच्या नऊ शर्यती एडवर्ड्सनं जिंकल्या होत्या. ५५२ विरुद्ध ५४१. दोन आणि चारच्या लढाईसाठी आखलेल्या नियमातून निघालेली सर्वांत सुंदर शर्यत शेवटी दोन विरुद्ध दोनचीच झाली, याची गंमत वाटते.

त्याच वर्षी मोटोजीपी, म्हणजे ग्रां प्रीची सर्वांत वरची स्पर्धा, चार-स्ट्रोक झाली आणि जपानी कारखान्यांचे पैसे आणि माणसं तिकडे गेली. सुपरबाइकवाल्यांनी २००३ पासून चार सिलिंडरलाही हजार सीसीची परवानगी दिली, पण हवेच्या वाटेत रिस्ट्रिक्टर बसवून. ज्यांच्यासाठी दार उघडलं ते बहुतेक अंगणात नव्हतेच. त्या वर्षी पहिले तिन्ही डुकाटीवाले. लोक या स्पर्धेला डुकाटी कप म्हणू लागले. २००५ मध्ये कॉर्सरनं सुझुकीच्या हजार सीसी फोरवर अजिंक्यपद जिंकलं तेव्हा कुठे नवा नियम रुजला असं म्हणता आलं. कॉर्सर दोन्ही इंजिनांवर जगज्जेता झाला. जेम्स टोसलंडही तसाच : २००४ ला डुकाटीच्या ट्विनवर, २००७ ला होंडाच्या फोरवर.

आता गाऱ्हाणं डुकाटीचं होतं. सीसी सारखे केल्यावर ट्विनला बरोबरीत राहायला अतोनात खर्च येतो, इंजिनं लवकर झिजतात, असं तिचं म्हणणं. आणि स्पर्धा सोडण्याची धमकीही. २००८ पासून ट्विनला १२०० सीसी मिळाले, बदल्यात ५० मिलिमीटरचे रिस्ट्रिक्टर आणि सहा किलो जास्त वजन. बेलिस त्या वर्षी तिसऱ्यांदा जगज्जेता होऊन निवृत्त झाला. २०११ मध्ये कारखान्याचा अधिकृत संघ नसताना कार्लोस चेका अल्थेआ या खासगी संघातून १५ शर्यती जिंकून जगज्जेता झाला. ट्विनचं ते शेवटचं अजिंक्यपद.

दरम्यान चार सिलिंडरनं ट्विनचा गुण उचलला होता. २००९ च्या यामाहा आर-वनमध्ये क्रँकशाफ्टच्या खुंट्या एकमेकींशी ९० अंशांत होत्या, म्हणजे चारही पिस्टन एकदम थबकत नव्हते. ही युक्ती यामाहाच्या मोटोजीपी गाडीतून आलेली. बेन स्पीस तिच्यावर पहिल्याच वर्षी जगज्जेता झाला, आणि ती फोर कानाला फोरसारखी वाटेना. मागच्या चाकाची जाण हा ट्विनचा हुकमी एक्का. तो चारवाल्यांच्या हातात गेल्यावर ट्विनकडे उरला तो बारीकपणा आणि खालचा जोर.

डुकाटीनं शेवटचा प्रयत्न ११९९ पानिगालेच्या रूपानं केला. सिलिंडरचा व्यास ११२ मिलिमीटर, पिस्टन जवळजवळ बशीएवढा. क्षेत्रफळ १९७ चौरस सेंटिमीटर, आर-वनचं १९१. १९८८ मध्ये ज्या श्वासासाठी सवलत मागावी लागली, तो आता पुरेपूर होता. पण एवढ्या रुंद पिस्टनवर ज्वाला कडेपर्यंत वेळेत पोचवणं कठीण, आणि असा पिस्टन बारा हजार फेऱ्यांना सांभाळणं त्याहून कठीण. वर खालच्या फेऱ्यांतला तो प्रसिद्ध जोरही पातळ झाला. फोर होण्याच्या नादात ट्विननं आपलं ट्विनपण गमावलं, असं माझं मत. चाझ डेव्हिस तिच्यावर तीनदा दुसरा आला. अजिंक्यपद एकदाही नाही. मोटोजीपीत डुकाटी २००३ पासून चार सिलिंडरच वापरत होती आणि २००७ मध्ये केसी स्टोनर तिच्यावर जगज्जेताही झाला होता, म्हणजे घरात उत्तर तयार होतं. २०१८ मध्ये पानिगाले व्ही-फोर आली आणि २०१९ मध्ये तिची ९९८ सीसीची आवृत्ती शर्यतीत उतरली. अल्वारो बाउतिस्तानं तिच्यावर पहिल्या अकरा शर्यती जिंकल्या. या वेळी नियम हलला तो डुकाटीच्या फोरचे फेरे कमी करण्यासाठी.

तेव्हापासून सुपरबाइकच्या पुढच्या रांगेत दोन सिलिंडर नाहीत. खालच्या सुपरस्पोर्ट वर्गात मात्र २०२२ मध्ये जुनाच खेळ नव्यानं मांडला गेला. तिथे ६०० सीसीच्या फोरसमोर डुकाटीची ९५५ सीसीची ट्विन उतरली, आणि दोघांना बरोबरीत ठेवायला नियमावलीवाले थ्रॉटल आणि वजनाचे आकडे बदलत राहिले. २०२३ ला त्या वर्गात निकोलो बुलेगा डुकाटीच्या ट्विनवर जिंकला. पुढच्याच वर्षअखेर डुकाटीनं नवी पानिगाले व्ही-टू जाहीर केली : ८९० सीसी, १२० अश्वशक्ती, आणि व्हॉल्व्ह मिटवायला साध्या स्प्रिंगा.